अंधाऱ्या खोलीतला फाल्गुन

वर्षभर मला जरा कमीच ऐकू येतं. सून स्वयंपाकघरातून हाका मारून थकते, मग येऊन खांद्याला हात लावते. पण फाल्गुन लागला की माझे कान तिखट होतात. कारंज्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा धडधडाट, शेजारच्या गल्लीत पडलेला पत्रा, पोरांनी होळीसाठी तापवायला घेतलेली हलगी, सगळं छातीच्या आत वाजतं. बाहेर पळस फुललेला असतो. लोकांना त्याचा रंग दिसतो. मी मात्र खिडक्या लावत घरभर फिरते. इतकी वर्षं झाली, तरी या दिवसांत कुठेही मोठा आवाज झाला की माझा पहिला विचार एकच असतो, आता त्याला झटका आला असेल.

तो म्हणजे नामदेव. जवळच्या धनज गावचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचा हा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता, आणि मी कारंज्याच्या सरकारी दवाखान्यात नुकतीच रुजू झालेली, एकटी राहणारी, कोणी ‘डॉक्टरीणबाई’ म्हटलं की मागे वळून बघणारी मुलगी होते.

खरं तर मला साहित्य शिकायचं होतं. वडील शाळामास्तर. त्यांनी हट्ट धरला म्हणून मी मेडिकलला गेले, आणि शरीरशास्त्राच्या जाडजूड पुस्तकाखाली कादंबरी ठेवून वाचत पाच वर्षं काढली. तिथे आमचे एक प्राध्यापक होते, फार हुशार आणि फार घाईतले. एखादी पेशंट सांगायला लागली, की साहेब, त्या दिवशी आमच्या घरी पाहुणे आले होते, मी चुलीपाशी बसले होते, की ते हात वर करत. आम्हाला म्हणत, पेशंटकडून हिस्ट्री घ्या, गोष्ट घेऊ नका. मी ते मान डोलावून पाठ केलं होतं. क्वार्टरमध्ये माझ्याकडे भिंतीतलं एकच कपाट होतं. त्याच्या वरच्या फळीवर औषधाची पुस्तकं आणि खालच्या फळीवर माझी आवडती. वरच्या फळीवरचं दिवसाचं, खालच्यावरचं संध्याकाळचं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

नामदेवला बैलगाडीतून आणलं ते दुपारचं. शेतातली कापसाची वेचणी संपून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, काढायचे दिवस होते. गाडीत चाऱ्यावर गोधडी, गोधडीवर तो, धनुष्यासारखा वाकलेला. बरोबर बायको रुखमा आणि थोरला भाऊ. भावानं सांगितलं की याला काही तरी लागीर झालंय. काल सकाळपासून तोंड उघडत नाही, मान वळत नाही, आणि वरून हसून राह्यला.

नामदेव हसतच होता. ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, दात दिसत होते, भुवया वर. पुस्तकात या हसण्याला एक भारदस्त लॅटिन नाव आहे. परीक्षेत ते नाव न अडखळता सांगितल्याबद्दल माझं कौतुक झालं होतं. पण ते हसणं मी माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहत होते. त्याच्या तळव्यात पऱ्हाटीचा खुंट घुसून झालेली जखम होती, वरून बुजलेली, आतून काळी. धनुर्वात.

आमचे मोठे डॉक्टर मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. अमरावतीला न्यावं असं आधी मनात आलं. पण जीप मिळवून त्या खाचखळग्यांच्या रस्त्यानं न्यायचं, तर प्रत्येक खड्ड्याला त्याला झटका येणार आणि त्यातला एखादा झटका श्वास घेऊन जाणार. सिस्टर कुसुमताई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी म्हटलं, इथेच ठेवू. म्हटलं आणि लगेच वाटलं, आपण हे कशाच्या जोरावर म्हणालो?

टोकाची खोली रिकामी केली. खिडकीला काळी कांबळी ठोकली. धनुर्वाताच्या रोग्याला अंधार आणि शांतता लागते. उजेडाची तिरीप, भांड्याचा आवाज, अचानक लागलेला हात, एवढ्यानं सगळं अंग दोरीसारखं पिळून निघतं. दाराच्या बिजागरीत तेल सोडलं. सगळ्यांनी चपला व्हरांड्याच्या पायरीशीच काढायच्या. त्याच्या कानात कापसाचे बोळे घातले. नाकातून नळी घालून दूध, सुईनं सीरम आणि पेनिसिलिन, आणि झटके आवरण्यासाठी गुंगीचं औषध. आमच्याकडचा साठा तुटपुंजा होता. पुढचा अकोल्याहून एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून मागवायचा, आणि स्टँडवर जाऊन वाट बघत उभं राहायचं. रुखमाला मी बजावून सांगितलं की आत बसायचं तर बस, पण एक शब्द बोलायचा नाही. तिनं पदर तोंडात धरला आणि कोपऱ्यात बसली.

आणि मग मला कळलं, कारंजा किती वाजतं ते.

पहाटे मंदिरातली घंटा. मग छोट्या रेल्वेची शिटी. मग कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा. एसटीचे हॉर्न, कापसाच्या गाड्यांची चाकं, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची आळी. समोरच शांतिलालजींचं धान्याचं दुकान, तिथे तराजूत लोखंडी मापं पडायची. या सगळ्यात मी कितीतरी महिने जेवले होते, झोपले होते, कधी लक्षही गेलं नव्हतं. आता प्रत्येक आवाज दाराशी येऊन उभा राहत होता, आणि मी आणि तो दोघंही त्याची वाट पाहत होतो.

मी लोकांकडे जायला लागले. शांतिलालजी साठीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नोकराला बोलावलं आणि तराजूखाली दुहेरी पोतं अंथरायला लावलं. जिनिंगचे मॅनेजर मात्र वैतागले. भोंगा नाही वाजवला तर पाळी बदलणार कशी, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचंही नव्हतं. शेवटी काही दिवस माणूस पाठवून वस्तीतल्या मजुरांना बोलावू, असं कबूल केलं, पण निघताना त्यांनी विचारलं, “बाई, एवढं करून तो वाचनार हाय का?” मी नमस्कार करून निघाले.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची दुपार असेल. मी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून ओघळणारी लाळ पुसायला वाकले होते. दाराच्या फटीतून अगदी बारीक उजेड येत होता, तेवढ्यात मला त्याचे डोळे दिसले. ते माझ्याकडे बघत होते. नुसते उघडे नव्हते, बघत होते. आणि त्यांतून पाणी येत होतं. खाली तो ताणलेला, हसरा चेहरा, आणि वर रडणारे डोळे.

पुस्तकात हे लिहिलेलं असतं. या रोगात शुद्ध हरपत नाही, असं एक छोटं वाक्य असतं. केसपेपरवर मीही रोज तेच लिहीत होते, शुद्धीवर आहे. पण ते वाक्य मी वरच्या फळीवरचं म्हणून वाचलं होतं. त्या क्षणी ते खालच्या फळीवर गेलं. एक माणूस पूर्ण जागा आहे. त्याला सगळं कळतंय. त्याला हलता येत नाही, बोलता येत नाही, त्याच्याशी कोणी बोलत नाही. आपण त्याला काळ्या खोलीत बंद केलंय, कानात बोळे घातलेत, आणि बायकोचं तोंडही बंद केलंय. हे सगळं त्याच्या भल्यासाठी. हे त्याला कोणी सांगितलंय का?

मी बाहेर व्हरांड्यात आले. रुखमालाही खुणेनं बोलावलं आणि पहिल्यांदाच तिला विचारलं, की तुझा नवरा माणूस कसा आहे. म्हणजे मी गोष्ट घ्यायला बसले.

ती हळूहळू बोलायला लागली. नामदेव दंडारीत काम करतो. दंडार म्हणजे आमच्याकडचा गावरान नाच-सोंगांचा खेळ. त्यात तो हसवणारा. कापूस वेचायच्या दिवसांत तर बाया तो असेल त्याच शेतात कामाला यायला बघतात, कारण गाठोडी वाहता वाहता तो गोष्ट सांगतो. एकच गोष्ट, पण सारा हंगाम पुरते. गावच्या पाटलाचा फेटा म्हैस खाते, आणि त्या दिवसापासून सगळे म्हशीलाच मुजरा करायला लागतात. म्हैस हंबरली की तो हुकूम. मग ती चावडीवर बसते, भांडणं सोडवते, तिच्या लग्नाची बोलणी निघतात. दरवर्षी तो काही तरी नवीन घालतो. सांगता सांगता रुखमाच्या ओठांवर हसू आलं, आणि ते आल्याचं लक्षात येताच तिनं ते घाईनं पुसून टाकलं.

मी तिला म्हटलं, ही गोष्ट तू त्याला सांग.

तिनं माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. “मले कुठं येते सांगता? मी आपली आयकनारी. अन् तुमीच तं म्हनत होत्या का आवाज करू नोको.”

म्हणत होते खरी. कुठल्याही पुस्तकात असं लिहिलं नव्हतं की रोग्याला म्हशीची गोष्ट सांगावी. विचारायला कोणी नव्हतं. मी मनाशी एवढाच हिशेब मांडला की झटका येतो तो अचानक आवाजानं, आणि जात्याच्या घरघरीसारखा एकसुरी, हलका आवाज कदाचित चालेल. कदाचित. या एका शब्दावर मी त्याच्या कानातले बोळे काढले.

रुखमा त्याच्या उशाशी बसली आणि सांगायला लागली. इतकी हसरी गोष्ट इतक्या भेदरलेल्या आवाजात कोणी सांगितली नसेल. शब्दांना चढउतार नाही, मध्ये थांबणं नाही. म्हैस, फेटा, पाटील, चावडी, सगळं एका ओळीत, सुतक सांगावं तसं. मी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून उभी होते. नाडी धावत होती. मग ती थोडी सावरल्यासारखी वाटली. खरंच सावरली की मला तशी हवी होती म्हणून वाटली, ते आज सांगता येणार नाही.

आणि झटका आला. आधीच्या झटक्यांपेक्षा मोठा. टाच आणि डोकं एवढंच खाटेला टेकलेलं, बाकी सगळं अंग कमान. रुखमा भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी इंजेक्शन दिलं, सिस्टरांनी त्याचा जबडा सांभाळला. तो ओसरेपर्यंत मी मनातल्या मनात त्या प्राध्यापकांची माफी मागत होते.

अंग सैल पडल्यावर मी त्याच्या कानाशी वाकले. माझाच आवाज मला परका वाटत होता. म्हटलं, “नामदेव, मी डॉक्टर बोलते. तुला धनुर्वात झाला आहे. आवाजानं झटके येतात, म्हणून आम्ही गप्प असतो. रुखमा गोष्ट सांगतेय ती थांबवू का? थांबवायची असेल तर डोळे मीट.”

त्यानं डोळे मिटले नाहीत.

मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्यानं डोळे आणखी ताणले. पापणी लवायला लागली तशी तो ती वर ओढून धरायला लागला. डोळ्यांत पाणी साचलं, कानापर्यंत ओघळलं, तरी तो मिटेना. शेवटी मीच घाईनं म्हटलं, की बरं बरं, नाही थांबवत. तेव्हा त्यानं डोळे मिटले.

रुखमा परत उशाशी बसली.

मग हाच आमचा दिवसाचा क्रम झाला. इंजेक्शनचा अंमल असला की ती थोडी थोडी गोष्ट सांगायची. मीही रोज सकाळी आत गेले की आधी माझं नाव सांगायचे, काय वार आहे ते सांगायचे, आता सुई टोचणार आहे म्हणून सांगायचे. धनजला आंब्याला मोहोर कसा आहे, ते त्याचा भाऊ दारातून सांगायचा. झटके यायचेच. गोष्ट चालू असताना यायचे, नसतानाही यायचे. कुठला कशानं आला याचा ताळा मला कधीच लागला नाही, आणि त्या दिवसांत माझं जेवण अर्ध्यावरच सुटायचं ते त्याच विचारानं.

होळी मात्र आमच्यासाठी थांबणार नव्हती. चौकात लाकडं रचली होती, पोरांच्या हलग्या उन्हात तापत होत्या. मी शांतिलालजींना गाठलं. ते दुकानातून उतरले आणि माझ्याबरोबर चौकात आले. पोरांशी तेच बोलले. एक माणूस आहे, आवाजानं मरेल, एवढंच सांगितलं. पोरं कुरकुरली, आपसात बोलली, आणि त्यांनी होळी गावाबाहेर मोकळ्या मैदानावर नेली. आमच्या चौकात त्या वर्षी होळी पेटलीच नाही. मला वाटलं, सुटलो.

धुळवडीला सकाळी दहाच्या सुमारास कुठल्या तरी दुसऱ्या आळीतला, काही ठाऊक नसलेला एक जण रंगात न्हालेला, झिंगलेला असा आमच्या फाटकाशी आला आणि त्यानं हलगीवर काडी हाणली. खिडकीच्या अगदी खाली. एकदाच. कोणी तरी धावत जाऊन त्याला धरलं, पण ती एकच थाप पुरे होती.

मी आत पोचले तेव्हा नामदेवचा चेहरा निळा पडत होता. गळ्याचे स्नायू आवळले होते, छाती हलत नव्हती. सिस्टरांनी तोंडातली लाळ नळीनं ओढून काढली. मी शिरेत औषध सोडलं, आणि छाती दाबायला लागले. दाबत राहिले. माझ्या कपाळावरचा घाम त्याच्या छातीवर पडत होता. त्या निळ्या चेहऱ्यावर तेच हसू. आणि या सगळ्यात खोलीत एक आवाज चालू होता, हलका, एकसुरी. रुखमा सांगत होती. तिला कोणी सांग म्हटलं नव्हतं, कोणी थांब म्हटलं नव्हतं. म्हैस चावडीवर बसली, मंग म्हशीले पान देलं, मंग म्हैस म्हने. श्वास आला तो खरखरत, अडखळत. मी खाली जमिनीवर बसले.

आता मेडिकलची मुलं मला बोलवतात. वैद्यक आणि साहित्य असा विषय देतात, मी जाते आणि नामदेवबद्दल सांगते. मुलं चांगली असतात, त्यांचे डोळे भरून येतात, आणि मला तिथेच काळजी वाटायला लागते. गोष्टीनं माणूस वाचतो, असं ती वहीत लिहून घेतील की काय? परवा एका मुलीनं सरळ विचारलंच, की मॅडम, तो नेमका कशानं वाचला? मी तिला खरं ते सांगितलं. सीरमनं वाचला असेल, पेनिसिलिननं, सिस्टरांच्या हातानं, त्याच्या नशिबानं. त्याच्यानंतर धनुर्वाताचे दोघे आले. एक म्हातारा, एक बाळंतीण. त्यांच्याशीही मी शेवटपर्यंत बोलले. दोघंही गेली. मग गोष्टीचा उपयोग काय, असं तिनं विचारलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते होतं. मला एवढंच ठाऊक आहे की त्यानंतर माझी पुस्तकं फळ्यांवर वेगवेगळी राहिली नाहीत, आणि पेशंट चुलीपाशी बसल्यापासून सांगायला लागला तर मी हात वर केला नाही. यानं मी जास्त चांगली डॉक्टर झाले की नुसती जास्त घाबरट झाले, हेही मला नक्की सांगता येत नाही. समोरच्या खाटेवर कोणी तरी जागं आहे, हे एकदा कळलं की निवांतपणा जातो, तो जातोच.

धुळवडीनंतर झटके विरळ होत गेले. उन्हं चढली. कांबळी आधी एका कोपऱ्यातून सोडली, मग अर्धी, मग पूर्ण काढली. जबड्यात आधी चमच्याची कड शिरायला लागली, मग चमचा. ते हसू एका एका स्नायूनं उतरत गेलं, आणि त्याच्या खालून एक साधा, थकलेला, जरा लांबुडका चेहरा वर आला. रुखमा त्या चेहऱ्याकडे लाजून बघायची. चैत्रात त्यांना घरी सोडायचं ठरलं. भाऊ गाडी घेऊन आला होता. मोठे डॉक्टर परत आले होते, त्यांनी नामदेवला तपासून माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढच्या वॉर्डात गेले.

मी खाटेशी स्टूल ओढून बसले. त्याचे शब्द अजून दातांतून यायचे, जपून, एक एक. आत असताना कसं वाटत होतं, हे त्याला विचारायचं मी कितीतरी दिवस टाळत होते. त्या दिवशी विचारलं.

तो खिडकीकडे वळला.

“पयले मले वाटलं का मी मेलो,” तो म्हणाला. “अंधार होता. आंग आपलं नोयतं. मानसं येत, जात, पन कोनी बोलत नोयतं. म्हटलं, मेल्यावर असंच असत असंन. मंग हे सांगाले लागली. फेटा हिरवा म्हने. अवं, फेटा लाल हाय, साऱ्या धनजले माईत हाय. म्हैस मांगच्या गल्लीतून आनली हिनं. साराच घोटाया. तवा मले समजलं, का मी जिता हाओ.”

मी विचारलं, ते कसं?

“मेल्या मानसाच्या घरी पोथी वाचतात नं, बाई,” तो म्हणाला. “ते बरोबर वाचतात. एक अक्षर चुकू देत नाईत. इतकं चुकीचं कोनी जित्या मानसालेच सांगते.”

मी हसले, आणि हसता हसता मला पदर डोळ्यांना लावावा लागला. रुखमा खाटेपलीकडे उभी राहून गोधडीची घडी घालत होती. तिनं वर पाहिलं नाही. कड कडेला नीट जुळवली, हातानं सारखी केली, गोधडी काखेत मारली.

“हिरवाच होता,” ती म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.